ओळीच्या काठावरील साखळ्या

वेदीवर अंथरलेल्या शुभ्र वस्त्राची झालर आपण दर रविवारी पाहतो. परंतु तिच्या काठाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. नक्षीत गुंफलेला क्रूस, गव्हाची कणसे, द्राक्षांचे घोस यांवर दृष्टी खिळून राहते. काठ सरळ असतो म्हणूनच तो दिसत नाही. तो वाकडा असता, तर सर्वांत आधी तोच डोळ्यांत खुपला असता. क्रोशाचे काम करणाऱ्या स्त्रीला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच दुसऱ्या बाईने विणलेली झालर हाती आली की ती प्रथम नक्षीचे कौतुक करीत नाही. झालर दोन बोटांच्या चिमटीत धरून काठावरून हळूच अंगठा फिरवते.

हा काठ सरळ राहतो तो एका लहानशा नियमामुळे. सेमिनरीत आम्हाला लॅटिन क्रियापदांची रूपे शिकविण्यात आली, खांब आणि साखळ्या नव्हेत. तेव्हा हा नियम मला धर्मग्रामातील जाणत्या स्त्रियांनीच समजावून दिला. दोऱ्याच्या फासातून सुईच्या आकड्याने दुसरा फास ओढला की साखळीचा एक दुवा होतो. अशा दुव्यांच्या पायावर विणीच्या ओळी उभ्या राहतात. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन घातलेल्या उंच टाक्याला आपल्याकडे खांब म्हणतात आणि वेढा न घेता घातलेल्या आखूड टाक्याला मुका खांब. ओळ संपली आणि काम उलटे फिरविले की सुई नव्या ओळीच्या पायथ्याशी असते. पण त्या ओळीतील खांबांचा माथा मात्र वर असतो. तेवढी उंची चढून गेल्याशिवाय पहिला खांब घातला, तर कडेचा दोरा खाली ओढला जातो आणि काठ आखडतो. म्हणून वळताना साखळ्या घालायच्या: मुक्या खांबासाठी एक, खांबासाठी तीन, दोन वेढ्यांच्या उंच खांबासाठी चार. ही शिडीच म्हणायची.

शिडी म्हटली की काम सोपे वाटते. खरी मेख गणतीत आहे. वीस खांबांची पट्टी विणायची असेल, तर वळणाच्या तीन साखळ्या हाच नव्या ओळीतील पहिला खांब समजायचा. मग त्यांच्या लगतचा, खालच्या ओळीतला पहिला खांब सोडून द्यायचा, पुढचे एकोणीस घालायचे आणि त्यांतला शेवटचा, मागच्या ओळीच्या वळणाच्या साखळ्यांच्या माथ्यावर रोवायचा. हा शेवटचा खांब राहून गेला की पुढच्या ओळीत एकोणीस, त्यापुढच्या ओळीत अठरा, आणि पाहता पाहता पट्टी निमुळती होऊ लागते. उलट, सोडायचा तो पहिला खांब चुकून घातला, तर पट्टी रुंदावत जाते. दोन्ही चुका एकाच ओळीत झाल्या तर गंमतच. मोजावे तर वीसचे वीस खांब, आणि काठ मात्र करवतीसारखा दातेरी! मुक्या खांबाचा कायदा पुन्हा वेगळा. तिथली एक साखळी सहसा गणतीत धरीत नाहीत आणि पहिला टाका पहिल्याच टाक्यात घालतात. एवढे सारे आपल्या आज्या-पणज्या हातांना पाठ झालेल्या लयीत करीत, आणि तेही जपमाळेत खंड पडू न देता.

या कलेचा उगम विचारला की आपल्या समाजात एक उत्तर ठरलेले असते. प्रबोधनकाळातील युरोपच्या मठांमध्ये धर्मभगिनी क्रोशे विणीत आणि तिथून ही कला जगभर पसरली, असे ते उत्तर. ऐकायला ते गोड आहे आणि आपल्या अभिमानाला पोषकही आहे. पण ते टिकत नाही. डेन्मार्कच्या संशोधिका लिस पालुदान यांनी क्रोशाच्या इतिहासावर विस्तृत ग्रंथ लिहिला. तो १९८६ साली डॅनिश भाषेत आणि १९९५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. अरबस्तान, दक्षिण अमेरिका, चीन अशा नाना ठिकाणी या कलेचे मूळ दाखविणाऱ्या मतांचा त्यांनी परामर्श घेतला. इ. स. १८०० पूर्वी युरोपात आजच्या अर्थाने क्रोशे विणले जात होते, याचा भक्कम पुरावा त्यांना कोठेही आढळला नाही. मठांत सुंदर लेस होत होती हे निर्विवाद. पण ती शिवणाच्या सुईची किंवा लाकडी फिरक्यांची लेस होती. आकड्याच्या सुईची नव्हे.

तेव्हा ज्या कलेला आपण पुरातन समजतो, तिचे वय जेमतेम सव्वादोनशे वर्षांचे. स्कॉटलंडमध्ये आकड्याने केलेल्या जाड लोकरी विणीला 'धनगरी विणकाम' म्हणत. एलिझाबेथ ग्रँट या बाईंच्या आठवणींत १८१२ सालच्या संदर्भात तिचा उल्लेख येतो. दुसरा धागा तंबूर नावाच्या भरतकामाचा. गोल चौकटीत ताणलेल्या कापडावर आकड्याच्या सुईने साखळीचे टाके घालायचे, ही ती पद्धत. एके दिवशी कोणीतरी खालचे कापडच काढून टाकले आणि साखळी हवेत विणू लागली. 'क्रोशे' हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ लहानसा आकडा, एवढाच.

'क्रोशे' हे नाव देऊन छापलेल्या सूचना, आज उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत जुन्या, १८२३ साली 'पेनेलोपे' या डच नियतकालिकात आल्या. सोबत एक रंगीत पान होते आणि त्यावर पाच बटव्यांची चित्रे. त्यांपैकी तीन बटवे रेशमी धाग्याने क्रोशाने विणायचे होते. बटवा गोलाकार विणला जातो. विणणारी गोल गोल फिरत राहते. वळण येत नाही आणि काठही येत नाही. आपण ज्या नियमाविषयी बोलत आहोत, त्याची अशा कामात गरजच पडत नाही.

गरज निर्माण झाली ती सपाट कामात. आणि तिच्यावरचा पहिला उपाय आज आपल्याला चमत्कारिक वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील नमुन्यांच्या पुस्तकांत सपाट कामासाठी पुष्कळदा सांगितलेले असते की, ओळ संपली की दोरा तोडावा आणि नवी ओळ पुन्हा उजव्या टोकाकडून सुरू करावी. टाक्याची पुढची बाजू आणि मागची बाजू सारखी दिसत नाही. काम उलटे फिरविले तर एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट, अशा पन्हाळी कापडावर उमटतात. चारचौघींत बसून बटवे आणि उशांचे अभ्रे विणणाऱ्या घरंदाज स्त्रियांना त्या पन्हाळी नकोशा वाटत. एडिंबरोच्या जेन गोगेन यांचे पुस्तक १८४० साली निघाले. लंडनच्या मादमोआझेल रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांचे विणकाम, क्रोशे व जाळीकाम यांवरील पुस्तक १८४६ साली. ही पुस्तके घेणारा वर्ग खाऊनपिऊन सुखी होता. शंभर ओळींच्या कामात दोरा शंभरदा तोडायचा आणि दोन्ही कडांना लोंबणारी टोके नंतर सुईने एकेक करून विणीत दडवायची, हे ज्याला परवडते त्यालाच परवडते. ज्या हातांना दिवसाअखेर पैसे मिळायला हवे होते, त्यांची गोष्ट निराळी होती.

आणि तसे हात त्याच सुमारास आयर्लंडमध्ये लक्षावधींनी निर्माण झाले. १८४५ च्या सप्टेंबरात तेथील बटाट्याच्या पिकावर करपा पडला. गरीब शेतमजुराचे बटाटा हे तोंडीलावणे नव्हते. तेच त्याचे जेवण होते. १८५२ पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथीच्या रोगांनी मेली व त्याहूनही अधिक माणसे देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या जवळजवळ ८२ लाख होती. १८५१ च्या जनगणनेत ती साडेपासष्ट लाखांवर आली. त्या काळातही आयर्लंडमधून धान्य आणि जनावरे इंग्लंडला जहाजांनी जातच होती, ही गोष्ट इतिहासाच्या पानावर नोंदलेली आहे.

कॉर्क शहराजवळ ब्लॅकरॉक येथे उर्सुलाईन धर्मभगिनींचा मठ होता. हा संघ आयर्लंडमध्ये आला तो नॅनो नेगल यांच्या प्रयत्नांनी, १७७१ साली, पॅरिसहून प्रशिक्षण घेऊन आलेल्या भगिनींच्या द्वारे. या भगिनींनी आपल्या शाळेतील गरीब मुलींना क्रोशे शिकविले आणि ते काम विकले जाऊ लागले. दुष्काळ पडला तेव्हा ही कला केवळ विरंगुळ्याची राहिली नाही. साधन काय, तर एक सुई आणि थोडा सुती दोरा. घरी तारेचे टोक वाकवून आणि त्याला लाकडाची किंवा बुचाची मूठ बसवूनही सुई तयार होई. माग नको, जागा नको, भांडवल नको. फिरक्यांची लेस शिकायला वर्षे लागतात. क्रोशाची लेस चुणचुणीत मुलगी काही आठवड्यांत विणू लागते. म्हणून कॉर्कमधून ही कला दक्षिण आयर्लंडभर पसरली.

इथे आपला अभिमान एका मर्यादेत ठेवायला हवा. उत्तरेकडील क्लोन्स या गावी हे काम रुजविले ते कसांड्रा हँड यांनी. त्या प्रॉटेस्टंट धर्मगुरूच्या पत्नी; १८४७ साली, म्हणजे दुष्काळाच्या सर्वांत भीषण वर्षी, पतीसह त्या गावी आल्या. त्यांनी बाहेरून शिक्षिका बोलावून गावातील स्त्रियांना क्रोशाची लेस शिकविली. त्या लेसमधील छोटी गोलसर गाठ आजही क्लोन्सच्या नावाने ओळखली जाते. ज्या बायका ती गाठ घालीत, त्यांत कॅथलिक किती आणि प्रॉटेस्टंट किती, याचा हिशेब करीत बसणे मला अप्रस्तुत वाटते.

या आयरिश लेसची घडण पाहण्यासारखी आहे. गुलाब, पाने, त्रिदलाची पाती असे एकेक आकार जाड दोऱ्यावर भरगच्च विणून वेगळे ठेवायचे. मग ते कापडावर आखलेल्या नमुन्यावर टाचायचे आणि मधली जागा साखळ्यांच्या जाळीने भरून काढायची. या जाळीची ओळ कधी पाकळीपाशी अडते, कधी देठापाशी. वळताना किती साखळ्या घालायच्या, हे तिथे कोणतेही पुस्तक सांगू शकत नाही. जागा जेवढी मागेल तेवढ्या घालायच्या. बहुधा अक्षरओळख नसलेली मुलगी ही गणिते नजरेने सोडवीत होती. तीन साखळ्यांचा नियम पुस्तकात येण्याआधी अशाच हातांत मुरला असावा, असे मला वाटते. काम फिरविले की दोरा तोडावा लागत नाही, टोके दडवावी लागत नाहीत आणि वेळ वाचतो. नगावर पैसे घेणाऱ्या विणकरणीला याहून मोठे कारण हवे तरी कशाला?

सुझाना मेरेडिथ या बाईंनी कॉर्कमध्ये अशा मुलींसाठी शाळा चालविली आणि १८६५ साली त्यांच्यावर एक पुस्तकही लिहिले. क्रोशाच्या मिळकतीतून त्या काळी कित्येक घरांच्या चुली पेटत राहिल्या आणि कित्येकांच्या अमेरिकेच्या प्रवासाचे भाडे भरले गेले. हे पैसे मुलींनी मिळविले होते, बापांनी नव्हे. दरम्यान पॅरिस आणि लंडनच्या दुकानांत ती लेस श्रीमंत स्त्रियांच्या गळ्यांभोवती विसावत होती. शतकाच्या अखेरीस यंत्रांनी या लेसची हुबेहूब नक्कल करायला आरंभ केला. आधी एका कापडावर भरतकाम करायचे, मग ते कापड रसायनात विरघळवायचे. मागे राहते ती जाळी. पहिल्या महायुद्धानंतर हा धंदा सावरला नाही.

स्थलांतर करणाऱ्यांबरोबर कला समुद्रापार गेली आणि तिची भाषा मात्र दुभंगली. इंग्लंडमध्ये मुक्या खांबाला जे नाव, ते अमेरिकेत खांबाला! म्हणजे 'डबल' असा शब्द वाचून इंग्लंडची बाई एक साखळी घालून वळते, तर अमेरिकेची बाई तीन. नमुना कोणत्या देशात छापलेला आहे हे न पाहता विणायला बसणारीचा काठ ओळीगणिक बिघडत जातो. पुढे जपानने टाक्यांसाठी चिन्हे ठरवून प्रमाणित केली. त्या आकृत्यांत वळणाच्या साखळ्या ओळीच्या कडेला अंड्याच्या आकाराच्या ठिपक्यांप्रमाणे एकावर एक उभ्या दिसतात आणि शब्दांवाचून सारे उमगते.

आपल्या चर्चमधल्या झालरींचा संबंध ज्या प्रकाराशी सर्वांत जवळचा, तो चौकोनांचा. चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची. काळा चौकोन म्हणजे भरलेले घर, पांढरा म्हणजे रिकामे. हा प्रकार विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत विलक्षण लोकप्रिय झाला आणि वेदीवस्त्रांना तर तो जणू वरदानच ठरला; कारण त्यात येशूच्या नावाची अक्षरेही विणता येतात. इथे वळणाचा नियम आणखी बारीक होतो. ओळ भरलेल्या घराने सुरू होणार असेल तर तीन साखळ्या. रिकाम्या घराने होणार असेल तर पाच, म्हणजे तीन खांबाच्या आणि दोन रिकाम्या जागेच्या. या दोन साखळ्यांत चूक झाली तर केवळ काठ बिघडत नाही. एक घर सरकते आणि क्रूसाचा आडवा हात तिरपा होतो. मग एकच उपाय: जिथे चूक झाली त्या ओळीपर्यंत सारे उसवायचे. अशा झालरी विणणाऱ्या आजींचा स्वभाव शांत असे, असे आपण म्हणतो. त्यांनी किती ओळी उसवल्या, हे आपण कधी विचारले नाही.

आयर्लंडसारखीच कथा आपल्या देशातही घडली आहे. आंध्रातील गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील नरसापूर हे गाव. एकोणिसाव्या शतकात तिथे आलेल्या मिशनरी कुटुंबांनी नव्याने ख्रिस्ती झालेल्या गरीब, दलित स्त्रियांना क्रोशाची लेस शिकविली. हळूहळू ती परदेशी विकली जाऊ लागली, व्यापारी पुढे आले आणि इतर समाजांतील स्त्रियाही या कामात ओढल्या गेल्या. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे राहून अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. एक बाई फक्त फुले विणते, दुसरी ती जोडते, तिसऱ्या हातातून माल दलालाकडे जातो. त्यामुळे पूर्ण झालेली चादर किती किमतीला विकली गेली, हे विणणारीला कळतच नाही. मीस यांनी दाखवून दिलेली सर्वांत बोचरी गोष्ट अशी की, दिवसाचे सहा ते आठ तास विणणाऱ्या या स्त्रियांना कामगार म्हणून कोणी मोजतच नव्हते. त्या 'घरी बसलेल्या गृहिणी' होत्या आणि त्यांचे श्रम म्हणजे 'फावल्या वेळातला छंद' होता. निर्यातदार मात्र बहुतेक पुरुष होते आणि त्यांचा व्यवसाय व्यवसायच गणला जाई.

माझ्या मते हा शब्दांचाच अन्याय आहे, आणि त्यापासून आपणही मुक्त नाही. चर्चच्या जमाखर्चात मेणबत्त्यांचे पैसे येतात, घंटेच्या दोराचे येतात. झालरीच्या दोऱ्याचेही कधी कधी येतात. तीन महिने दुपारच्या उजेडात बसून ती विणणाऱ्या हातांसाठी त्या वहीत रकाना नसतो.

काठाच्या त्या तीन साखळ्यांविषयी एक जुनी तक्रारही आहे. साखळी खांबापेक्षा सडपातळ असते. त्यामुळे कडेला, पहिल्या खरोखरच्या खांबाच्या आधी, एक लांबट फट राहते. कितीही काळजी घेतली तरी ती दिसते. काही जणी तीनऐवजी दोनच साखळ्या घालून ती फट आवळतात. काही काम नेहमी एकाच दिशेने फिरवतात, म्हणजे साखळीला पीळ पडत नाही. अलीकडे आणखी एक रीत पसरली आहे: सुईवरचा फास उंच ओढायचा, तोच फास वेढ्यासारखा सुईभोवती घ्यायचा आणि साखळ्या न घालताच ओळीतला पहिला खांब उभा करायचा. फट राहत नाही आणि गणतीचा घोळही उरत नाही. आमच्या धर्मग्रामातील कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने ही रीत आपल्या आजीला दाखविली. आजींनी चष्मा पुसून ती दोनदा विणून पाहिली, काठावरून अंगठा फिरविला, आणि चालू असलेल्या झालरीत मात्र तीन साखळ्याच घातल्या. अर्धी झालर एका रीतीने आणि अर्धी दुसऱ्या रीतीने विणली तर काठ दोन तऱ्हांचा दिसेल, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या नाताळासाठी घ्यायच्या नव्या झालरीला ती रीत वापरायचे मात्र त्यांनी कबूल केले आहे.